घर कशावर चालते? तारेत ओवलेल्या पावत्यांचा हिशेब



तरवा वीतभर झालाय. लावणीला अजून आठ दिवस आहेत, पाऊस नीट पडला तर. बांध घालून झाले, पॉवर टिलर सांगून ठेवलाय. म्हणजे हे आठ दिवस शेतकऱ्याला थोडे मोकळे. नेहमीसारखी खताची नाहीतर करप्याची नोंद लिहिणार होतो, पण या वेळी एका कागदाने घोळ घातला.

मुलीला बारावीनंतर पुढच्या कोर्सला घालायचे आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना फी माफ, असे २०२४ पासून आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. फॉर्म घरी आणला, चष्मा लावला, पेन घेतले. नाव, गाव, तालुका झाले. पुढे आले, ‘उत्पन्नाचे साधन’. मी सवयीने ‘शेती’ लिहायला गेलो आणि हात थांबला. पस्तीस वर्षे शेती करतोय, पण माझे घर खरेच शेतीवर चालते का?

मग मागच्या वर्षीचा हिशेब मांडला. काजू बी दोनशे दहा किलो, एकशेवीस रुपयांनी, पंचवीस हजार दोनशे. हापूसची झाडे कराराने दिली, अडतीस हजार. पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार, मिळून बारा हजार. बायकोच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार महिन्याला, म्हणजे अठरा हजार. मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे, तो महिन्याला सहा हजार घरी देतो, बहात्तर हजार. एकूण एक लाख पासष्ट हजार दोनशे.

रुपयात मोजायचे तर अडतीस पैसे शेतीचे, अठरा पैसे सरकारचे, चव्वेचाळीस पैसे पोराच्या नोकरीचे. आणि मी स्वतःला शेतकरी म्हणतो.

आई शेजारीच कुळीथ पाखडत बसली होती. ऐंशी पार केलीय तिने. म्हणाली, “काय लिवतोस एवढा?”

म्हटले, “आये, आपला घर कशावर चालला ता लिवायचा हाय.”

तिने सूप खाली ठेवले, आत गेली आणि ट्रंकेतून एक तार घेऊन आली. वाणी लोक बिले ओवून ठेवतात तशी आकड्याची तार. तिच्यात पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, त्यावर पाठवणाऱ्याने चार ओळी लिहायच्या. पैसे दिल्यावर तो तुकडा पोस्टमन घरच्यांना फाडून द्यायचा. बाबांचे ते सगळे तुकडे आईने ठेवलेत. काही वाळवीने खाल्ले. उरलेले मी मोजले, एकशे सतरा. पहिला १९६३ चा, शेवटचा डिसेंबर १९८१ चा.

आईला वाचता येत नाही. पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा, म्हणजे नवऱ्याने काय लिहिले ते सगळ्या वाडीला कळायचे. त्यामुळे बाबा जपून लिहायचे. ‘रु. ६० पाठवले. भात झोडून झाले काय? बैलाच्या पायाला औषध लावणे.’ बस. बायकोची चौकशी बैलाच्या आडून.

तेव्हा ठरवले, या वेळी नोंद या हिशेबाचीच लिहू. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांत पैसा आला कुठून, याचा. मी दहावी पास माणूस, अभ्यासक नाही. पण जे वाचलेय आणि घरात पाहिलेय ते लिहितो.

आधी खोतीचे दिवस. आमचे घर कुळाचे. जमीन कसायची आम्ही, खोताच्या नावाखाली. कोणी अर्धेलीने, कोणी तिर्धेलीने, म्हणजे पिकाचा निम्मा नाहीतर तिसरा हिस्सा खोताच्या कोठारात. वर वेठीचे दिवस वेगळे. उरलेल्या भातात शिमग्यापर्यंत घर कसेबसे पोचायचे, पुढे वरकसावरची नाचणी, वरी आणि कंदमुळे. त्यात विकायला काही शिल्लक नसायचे. पण मीठ, कापड, लग्नकार्य, सावकाराचे व्याज याला रोकड लागते. ती आपल्या मातीतून निघत नव्हती. म्हणून माणूस निघाला.

सगळ्यात जुनी रोकड आली ती पलटणीतून. इंग्रजांच्या मुंबई लष्करात रत्नागिरी जिल्ह्यातले लोक फार. मराठे होते, महार होते. दापोलीला आजही म्हातारी माणसे ‘कॅम्प’ म्हणतात, ते इंग्रजांच्या छावणीवरून. नोकरी संपवून आलेले पेन्शनर तिथे राहायचे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, लष्करातून निवृत्त झाल्यावर तेही काही काळ दापोलीत राहिले होते. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हातात येणे ही त्या काळी केवढी गोष्ट असेल याचा विचार करा. पाऊस पडो न पडो, खोत खूश असो नसो, पेन्शन येणार. त्या पैशात पोरे शाळेत गेली.

आणि तेच पैसे बंद झाले की काय होते, तेही त्याच काळात दिसले. १८९० नंतर इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. दापोलीत राहणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले होते. त्यांनी १८९४ साली भरती परत सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. माणूस म्हणून मान हा त्यात मोठा मुद्दा होताच. पण भरती बंद म्हणजे एका अख्ख्या समाजाचा पगार बंद आणि पुढच्या पिढीची पेन्शनही बंद. उत्पन्नाचा रस्ता सरकारच्या एका हुकमाने कसा बुजतो हे तेव्हाचे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे.

पलटणीनंतर मुंबई. पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात निघाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या बाजूला भोंगेच भोंगे झाले. आपल्याकडून तिकडे जायला बोटी होत्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी अशा बंदरांतून माणूस एक वळकटी आणि तांदळाचे गाठोडे घेऊन चढायचा. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वादोन लाखांच्या वर. म्हणजे पाच मुंबईकरांत एक आपला. तेव्हा सिंधुदुर्ग आपल्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.

मुंबईचा पैसा गावात यायला सुरुवातीला गावचा माणूसच लागायचा. कोणी शिमग्याला निघाला की त्याच्या कनवटीला चार घरांचे पैसे. १८८० मध्ये पोस्टाने मनिऑर्डर सुरू केली आणि हा मार्ग पक्का झाला. तेव्हापासून शंभर वर्षे आपल्या जिल्ह्याला ‘मनिऑर्डरवर जगणारा’ म्हणायचे. काही जण हे टोमणा म्हणून म्हणत. म्हणजे काय, तर कोकणी माणूस स्वतःच्या शेतात काही पिकवत नाही, मुंबईच्या जिवावर बसून खातो.

हे मला पटत नाही. आणि आईच्या तारेतल्या चिठ्ठ्या पाहिल्यावर तर मुळीच नाही. का, ते सांगतो.

बाबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. दहा बाय बाराची खोली, पंचवीस-तीस माणसे, भाडे वाटून. रात्रपाळीवाला कामावर गेला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकाही बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या. अशाच बायकांना घेऊन प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बाबा पहिली काही वर्षे बदली कामगार होते. बदली म्हणजे सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत खोलीवर. महिन्यात कधी वीस दिवस, कधी दहा.

आता विचार करा. या पगारात बायको, तीन पोरे आणि म्हातारे आईबाप मुंबईत कसे राहिले असते? राहिलेच नसते. मग गिरणीमालकाला एवढ्या पगारात माणूस मिळत कसा होता? कारण त्या माणसाची बायकापोरे गावात स्वतः पिकवलेले भात खात होती. मालकाने एका माणसाच्या पोटापुरते दिले, बाकी सहा पोटे आईच्या शेतावर होती. बाबा आजारी पडले की कुठे आले? गावात. गिरणीत काम नसले की कुठे आले? गावात. आईचे बाळंतपण, आजोबांचे म्हातारपण, आमचे लहानपण, हा सगळा खर्च या दगडाच्या मातीने आणि आईच्या कमरेने भरला.

म्हणजे मुंबईने गावाला पोसले हे अर्धेच खरे. गावाने मुंबईला स्वस्तात माणूस पुरवला, हे उरलेले अर्धे. हा दुसरा अर्धा कुठल्याच चिठ्ठीवर नाही. त्याची मनिऑर्डर कधी निघाली नाही.

शिरगणतीत मात्र तो दिसतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशे बावीस बायका होत्या. राज्यात इतर ठिकाणी मुली कमी म्हणून काळजी, आणि आपल्याकडे उलट. हे आपल्या चांगुलपणाचे सर्टिफिकेट नाही बरे. पुरुष बाहेर गेलेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता जमिनीची गोष्ट. ती मला सगळ्यात आवडते.

खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यात कोकणातली कुळे होती. ते बिल तेव्हा पास झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. आणि कूळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला. पण फुकट नाही. कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरवायची, ती हप्त्याने भरायची, सगळी भरली की ३२ म चे सर्टिफिकेट.

आमच्या घरात ते सर्टिफिकेट आहे, आजोबांच्या नावाचे. त्याचे हप्ते कोणी भरले? या तारेतच सापडले. एका चिठ्ठीवर बाबांचे अक्षर, ‘रु. ९५. पैकी ३५ जमिनीच्या हप्त्याचे. तलाठ्याकडून पावती घेणे विसरू नये.’ अशा नऊ चिठ्ठ्या मिळाल्या.

म्हणजे बघा, ज्या शेताच्या भातामुळे बाबा कमी पगारात गिरणीत टिकले, तेच शेत गिरणीच्या पैशाने आमचे झाले. यातले कुठले उत्पन्न मुख्य आणि कुठले जोड, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

मग आले १९८२. जानेवारीच्या १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. मी तेव्हा सहावीत होतो. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचे महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. त्या वर्षी शिमग्याला आलेले चाकरमानी परत गेलेच नाहीत. एरवी पालखी नाचवून झाली की एसटी स्टँडवर रडारड व्हायची. त्या वर्षी रडणारे कोणी नव्हते, कारण जाणारेच कोणी नव्हते. आमच्या वाडीत एकाच वेळी एवढे पुरुष मी कधी पाहिले नव्हते. विहिरीवर, पारावर, शेतात सगळीकडे पुरुष. पोस्टमन यायचा, पण पिशवीत नुसती पत्रे.

त्या पावसाळ्यात बाबांनी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा लावणी केली. दुपारपर्यंत कमरेने जवाब दिला. आई काही बोलली नाही. त्यांच्या पुढची रांग तिने लावून टाकली.

तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. कित्येक गिरण्या परत चालूच झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्यांनी सगळ्यांना घेतले नाही. बाबांना परत घेतले नाही. जी काही रक्कम हिशेबात निघत होती ती अर्धीमुर्धी मिळाली, तीही फार वर्षांनी. मी दहावी पास झालो तेव्हा बाबांच्या जागी गिरणीत लागायचे, हे माझ्या जन्मापासून ठरलेले होते. ती जागाच उरली नव्हती. म्हणून मी शेतकरी झालो. लोक विचारतात, शेतीची आवड कशी लागली? आवड वगैरे नंतर. आधी मुंबई बंद झाली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या १९८२ च्या वर्षी आमच्या वाडीत कोणाचे घर उपाशी राहिले नाही. कर्ज झाले, दागिने गेले, पोरांच्या शाळा सुटल्या, हे सगळे झाले. पण पेज होती. मुंबई अशी आडवी पडायची ही पहिली वेळ नव्हती. १८९६ च्या शेवटी मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले, त्यातले आपले सगळे इकडेच आले. आणि २०२० मध्ये करोना आला तेव्हा तर आपण डोळ्यांनी पाहिले. शाळेत चौदा दिवस ठेवलेले चाकरमानी, गावात घ्यायचे की नाही यावरून झालेली भांडणे, आणि शेवटी त्यांच्यासाठी शिजलेला भात. सव्वाशे वर्षांत तीन वेळा मुंबईने हात वर केले, आणि तिन्ही वेळा गावाने घेतले. कुठल्या विमा कंपनीने एवढे केलेय? त्याचा हप्ता कोणी भरला, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता सरकारच्या पैशाकडे येऊ, कारण हल्ली त्यावरून फार बोलले जाते. फुकटे, लाभार्थी, काय काय शब्द. मला दोन प्रकारचे सरकारी पैसे अनुभवाने माहीत आहेत.

पहिला १९९० चा. आपल्या राज्यात रोजगार हमी १९७२ पासून सुरू झाली, कायदा १९७७ चा. मागेल त्याला काम, पण कामे म्हणजे रस्ता, बंडिंग, खडी. १९९० च्या सुमाराला सरकारने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. म्हणजे शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत खड्डे मारायचे, कलमे लावायची, आणि खड्ड्याचे, कलमांचे, खताचे पैसे सरकार तीन वर्षांत हप्त्याने देणार. जिथे फक्त गवत आणि नाचणी होत होती त्या वरकसावर काजू आणि आंबा उभा राहिला. मी तेव्हा विशीत होतो. आईने आणि मी कातळात पहार मारून साठ खड्डे केले. दापोली विद्यापीठाची वेंगुर्ला काजूची कलमे लावली. पहिली चार वर्षे लोक हसायचे. आज माझ्या घरात शेतीचे जे अडतीस पैसे येतात, त्यातला काजू त्या योजनेतला आहे. ते पैसे एकदाच आले आणि तीस वर्षे झाडावर उगवतायत.

दुसरा प्रकार आत्ताचा. २०१९ पासून पीएम किसानचे चार महिन्यांनी दोन हजार. २०२३ पासून राज्याचे तेवढेच. २०२४ पासून बायकांना महिन्याला दीड हजार. हे पैसे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. बारा हजाराला तीनशे पासष्टने भागा, तेहतीस रुपये रोज. एवढ्यात माणूस ऐतखाऊ होत नाही. खताची गोणी येते, मोबाईल रिचार्ज होतो. आणि बायकोच्या दीड हजाराची गंमत सांगतो, घरात तिच्या नावावर महिन्याच्या महिन्याला येणारे हे आयुष्यातले पहिले पैसे. ती पासबुक भरायला स्वतः जाते. पण हे पैसे महिन्यात संपतात, त्याचे झाड होत नाही. सरकार बदलले, नियम बदलला, की बंद होऊ शकतात. गोपाळबाबांच्या काळातला हुकूम आठवा.

माझे म्हणणे एवढेच, खात्यात टाका, पण खड्डे मारायलाही द्या.

आता मुलाचे चव्वेचाळीस पैसे. तो ठेकेदाराकडे आहे. कायम नाही. लोट्याला चौघांत खोली करून राहतो. दर पंधरवड्याने येतो आणि जाताना तांदळाची पिशवी नेतो. परवा मी ती पिशवी बांधत होतो आणि एकदम हसू आले. बाबांच्या चिठ्ठ्या आठवल्या. गावकीची खोली तीच, बदली कामगार तोच, तांदळाचे गाठोडेही तेच. फक्त बोट नाही, एसटी आहे, आणि मनिऑर्डरच्या जागी मोबाईल. त्याचा पगार ठरवणाऱ्याला माहीत आहे की या पोराचा भात घरून येतो.

आणि चक्र कुठवर फिरलेय बघा. आपल्या हापूसच्या बागा आज राखतो कोण? नेपाळी गडी. बोटींवर खलाशीही तेच. माझ्या शेजारच्या बागेत एक जोडपे आहे. तो फवारणी करतो, रात्री वानरांवर नजर ठेवतो. त्याच्या घरी म्हातारी आई आहे, थोडी जमीन आहे, ती मका करते. पगार झाला की तो घरी पैसे पाठवतो. मी त्याला विचारले, “एवढ्यात भागते का?” म्हणाला, “घर में खेती है ना.” मी गप्प झालो. त्याच्या आईसाठी आपण लालबाग आहोत.

शेवटी परत फॉर्मवर येतो.

एक गोष्ट मी वर हिशेबात धरलीच नव्हती. भात. तीस गुंठ्यांत नऊ क्विंटल झाला. भरडून पाचशे ऐंशी किलोच्या आसपास तांदूळ. चाळीस रुपयांनी धरला तरी तेवीस हजारांच्या वर. शिवाय नाचणी, कुळीथ, फणस, लाकूडफाटा. विकले नाही म्हणून ते उत्पन्न नाही. आता तुमच्यातला कोणीतरी खाली लिहील, “दादा, भात परवडत नाही, मजुरी धरली तर तोट्यात.” बरोबर आहे. मजुरी धरली तर. पण बायकोची मजुरी कोणी धरली कधी? आईची? साठ वर्षे तिने लावणी केली. पोस्टाच्या कागदावर तिचे एकशे सतरा अंगठे गेले असतील, पण सातबाऱ्यावर एकही नाही. आधी आजोबांचे नाव, मग बाबांचे, आता माझे.

हे लिहिताना मला माझीच लाज वाटली. राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. मला हे दहा वर्षांपासून माहीत होते. ‘बघू’ म्हणत राहिलो. आईच्या बाबतीत बाबांचा हक्क होता, ते गेले. माझ्या बाबतीत मी अजून आहे. उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर तोही अर्ज भरलाय, सोमवारी तलाठ्याकडे देतो. बायकोला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नाव लावा, पण परवापास्नं माणसं सांगायची हायत लावणीला, ता आधी बघा.”

फॉर्मवर ‘उत्पन्नाचे साधन’ पुढे मी लिहिले, ‘शेती, मुलाची मजुरी, शासकीय अनुदान’. जागा तेवढीच होती. आईला वाचून दाखवले. तिने विचारले, “आणि माझा?” मी म्हटले, त्याला रकाना नाही. ती म्हणाली, “मग तुझ्या त्या मोबाईलात लिव.”

म्हणून लिहिले.

तुमच्या घरी ट्रंकेत, फळीवर अशा जुन्या चिठ्ठ्या, बदलीची कार्डे, ३२ म चे कागद असतील तर फेकू नका, वाळवीपासून जपा. आणि घरात कोणी म्हातारी असेल तर तिच्याजवळ बसून एकदा विचारा, मनिऑर्डर आली नाही त्या महिन्यात तू काय केलेस? उत्तर मिळाले तर मला खाली लिहून कळवा.

पुढची नोंद लावणी झाल्यावर.